हिंदीतला राजीनामा

शनवारा, बुऱ्हाणपूर
११ फेब्रुवारी १९५७

कुसुम,

मायना घातलेला नाही, तो विसरले म्हणून नव्हे. सहा वर्षांनी बहिणीला कोणता मायना घालतात ते मला ठाऊक नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे आणि कामापुरतंच लिहीन.

माझं जन्माचं टिपण आईच्या पेटीत आहे आणि आईची पेटी तुझ्याकडे आहे. ती तू कशी नेलीस यात आज शिरत नाही. टिपण तेवढं रजिस्टर पोस्टानं पाठव. पेटी ठेव.

कशाला हवं, हे तू विचारणार नाहीस, पण तुझे श्रीकांतराव विचारतील. नोव्हेंबरात राज्यांची वाटणी झाली, तुमची अमरावती मुंबईकडे गेली आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. तेव्हापासून आमच्या संस्थेच्या मंडळींना एकच घोर लागला होता, की आता मराठी शाळेला कोण विचारणार. त्यांनी आमची कन्याशाळा खंडव्याच्या एका हिंदी संस्थेत मिसळून टाकली. एकत्रीकरण म्हणतात त्याला. जूनपासून पहिलीपासून सगळं हिंदीत. दोन्हीकडच्या शिक्षिकांची मिळून एक यादी व्हायची आहे, त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा. ज्या शाळेत मी सव्वीस वर्षं मुख्याध्यापिका आहे, तिथे आता मी जन्मले होते की नाही हे दाखवायचं आहे.

हिंदीचं मला भय नाही. बुऱ्हाणपूरच्या माणसाला हिंदी येते का विचारणं म्हणजे तापीतल्या म्हशीला पोहता येतं का विचारणं.

मालूबाई अजून आहे. अजून रोज सकाळी गल्लोगल्ली फिरून, दारात उभी राहून हाका मारते आणि पोरी गोळा करून आणते. मी लिहायला बसलेली पाहून म्हणाली, कुसुमताईंना पत्र का? मी म्हटलं, शाळेचं काम आहे.

आईच्या वेळी तू उशिरा आलीस, हे मी विसरलेले नाही. एवढंच.

निर्मला मोघे


४ मार्च १९५७

कुसुम,

टिपण पोहोचलं. सोबत चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नव्हती म्हणते, पण टिपण ज्या कागदात गुंडाळलंस तो मी ओळखला. लग्नानंतर पहिल्या वर्षी तू मला लिहिलेलं पत्र. मी लाल शाईनं तपासून तुला परत पाठवलं होतं. इतकी वर्षं जपून ठेवलंस म्हणायचं. ‘ताई, मला ईथं करमत नाही’ असं तू लिहिलं होतंस, आणि मी त्यातली दीर्घ ई खोडून ऱ्हस्व केली होती. चार चुका होत्या. आज पुन्हा पाहिल्या, चारही बरोबर दाखवल्या आहेत. बाकी त्यावर मला काही म्हणायचं नाही.

यादी लागली. नव्या संस्थेचे चिटणीस अवस्थी वकील म्हणून आहेत, खंडव्याचे. माणूस सभ्य आहे, दर वाक्याला हात जोडतो. हात जोडूनच त्यांनी मला सातव्या नंबरवर नेऊन बसवलं. मी आता सहायक शिक्षिका, आणि जूनपासून माझी नेमणूक देडतलाईला. तिथे ते नवी शाखा काढताहेत. इमारत अजून नाही, पण मी आहे.

जायचं नसेल तर काय, असं मी विचारलं. जायचं नसेल तर आपण होऊन नोकरी सोडायची. आणि आपण होऊन जो सोडतो त्याला फंडातला संस्थेचा वाटा मिळत नाही, शिवाय शाळेमागच्या दोन खोल्या महिन्याभरात रिकाम्या करून द्यायच्या. याच दोन खोल्यांत आई गेली. मला दुसरं घर नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. मालूबाईचं तर यादीत नावच नाही. हिंदी शाळेत पोरी आपापल्या येतात म्हणे, बोलवायला बाई लागत नाही. तिला सांगितलं तर ती रडली नाही. म्हणाली, “मंग बाई, मी सकायी उठून काय करू?”

शहाण्या माणसानं आठ दिवस विचार केला असता. मी मधल्या सुट्टीत कागद घेतला. तुला माझा स्वभाव माहीत आहे, नाकावर माशी बसू द्यायची नाही. त्यांच्याच भाषेत लिहिलं, म्हणजे समजलं नाही म्हणायला नकोत: ‘उपरोक्त परिस्थिति में मैं अपना राजीनामा देना चाहती हूँ। समिति कृपया विचार करे।’ दोनदा तपासलं, एकही चूक नाही. आणि मालूबाईच्याच हाती पोस्टात टाकायला दिलं.

टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज झाला आणि मग मला कळलं मी काय केलं ते, असं गोष्टीत लिहितात. मला चहा पिईपर्यंतच कळलं. पण आता माघार घेणार नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी मी रस्त्यावर आले असं लोकांना म्हणायचं असेल तर म्हणोत.

उत्तर नको.

निर्मला


१९ मार्च १९५७

कुसुम,

उत्तर नको म्हटलं तर तू खरोखरच दिलं नाहीस. लहानपणी कधी इतकी ऐकली असतीस तर.

खंडव्याहून पत्र आलं. तसंच उतरवते: ‘आपके राजीनामे के प्रस्ताव से समिति को प्रसन्नता हुई। कृपया अपनी शर्तें लिख भेजें।’

प्रसन्नता! सव्वीस वर्षं राबलेली बाई जाते म्हणाली, तर समिती प्रसन्न झाली. आणि वर अटी विचारतात. जाणाऱ्याच्या कसल्या अटी? घंटा कशी वाजवायची ते सांगून जाऊ? मी दोन दिवस वर्गात इतकी चिडचिड केली, की चौथीच्या पोरी एका सुरात पाढे म्हणायला लागल्या, मी सांगितलं नसतानाच.

तिसऱ्या दिवशी शालिग्राम पाटील आले. आमच्या जुन्या समितीतले ते एकटेच अजून माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. केळीवाले, शिक्षण चौथीपर्यंत, पण तिन्ही मुलींना माझ्याकडून सातवी करवून घेतली. त्यांना मी ते पत्र दाखवलं. त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही इस्तीफा लिव्हला का राजीनामा?”

मी म्हटलं, एकच की ते.

“एक कसं व्हईन?” म्हणाले आणि हसायलाच लागले. हसून झाल्यावर त्यांनी मला शिकवलं. हो, मला. नोकरी सोडण्याच्या कागदाला हिंदीत इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे तडजोड. कोर्टात दोन पक्ष भांडून थकले, की आपसात अटी ठरवून जो कागद करतात, तो राजीनामा. अवस्थी पडले वकील. त्यांना वाटलं, मास्तरीणबाई कोर्टात जायच्या तयारीत होती, आता समेट करू म्हणते. म्हणून तर प्रसन्न झाले.

पाटील म्हणाले, “बांधावरून मी भावाशी नऊ वर्सं खंडव्याच्या कोर्टाच्या वाऱ्या केल्या. मंग राजीनामा केला. राजीनाम्यानं भाऊ सुटत नाही बाई, भाऊ भेटते.”

ज्या भाषेचा एवढा तोरा मिरवला, तिच्यातला साधा शब्द मला केळीच्या बागेतल्या माणसानं समजावून द्यावा! दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या दोन ओळींत एवढी मोठी चूक. दोनदा तपासूनही.

आता पेच असा. मी अवस्थींना खरं सांगितलं, की मला नोकरीच सोडायची होती, तर फंड गेला, खोल्या गेल्या, मालूबाई गेली. नाही सांगितलं, तर अटी घालता येतात. पाटील म्हणतात, गप बसा. पण चूक दिसते आहे आणि ती दुरुस्त करायची नाही, हे मला जमत नाही ग. हात शिवशिवतो. विचारावं असं माणूस शोधायला गेले तर तूच उरलीस.

आणि एक. हा शब्द मी तुलाही एकदा ऐकवला आहे. आईच्या तेराव्याला, पानं वाढलेली असताना, सगळ्यांदेखत मी म्हटलं होतं, तू लेक असल्याचा केव्हाच राजीनामा दिलायस. त्यावर तू पेटी उचललीस आणि गेलीस. पेटी तू नेलीस असं मी सहा वर्षं सांगत आले. हे आधीचं वाक्य कोणाला सांगितलं नाही.

निर्मला


२ एप्रिल १९५७

कुसुम,

कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझी एक ओळ: ‘ताई, ऐकदा तरी चूक तशीच राहु दे.’

दोन ठिकाणी चुकलीस. कुठे ते सांगत नाही. बघ, सुरुवात केली.

परवा अवस्थी आले. ऑफिसात मी, ते आणि मध्ये शालिग्राम पाटील. अवस्थींनी हात जोडले आणि अटी विचारल्या. मी म्हटलं, पहिली अट मालूबाई. ते बुचकळ्यात पडले. त्यांना वाटलं होतं मी पैशापासून सुरुवात करीन. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, की आता जमाना बदलला, बालिकाएँ स्वयं आएँगी. मी वाद घातला नाही. म्हटलं, आजची रात्र पाटलांकडे मुक्काम करा आणि उद्या सकाळी शाळा भरताना या.

दुसऱ्या दिवशी मालूबाईला मी घरी बसवून ठेवलं. बिचारी उंबऱ्यात बसून चुळबुळ करत होती, चारदा उठली. शाळेची घंटा झाली. एकशे बारा पोरींपैकी एकवीस आल्या, त्यातल्या पाच शिक्षिकांच्याच. अवस्थी व्हरांड्यात घड्याळ पाहत उभे. मग मी मालूबाईला म्हटलं, जा आता. आणि कुसुम, अर्ध्या तासात शनवाऱ्याच्या दरवाजाकडून जी रांग आली! कोणाची वेणी अर्धी, कोणाच्या हातात भाकरीचा तुकडा, मागे पदर खोचून मालूबाई. एका आजीबाईनं तर अवस्थींनाच झापलं, की बाई हाक मारायला आली नाही तर पोरगी कोणाच्या भरवशावर पाठवायची? मालूबाईची नोकरी तिथेच पक्की झाली. फंडाचंही त्यांनी मान्य केलं. समेटात तेवढं द्यावंच लागतं, असं तेच म्हणाले.

खोल्यांवर मात्र गाडी अडली. ते वर्षभर म्हणत होते, मी म्हटलं हयातभर. पाटलांनी केळी आणवली, खाऊन झाली, तरी अडलेलीच. शेवटी अवस्थींनी मनातलं सांगितलं. मी मागच्या खोल्यांत बसून मराठीचे वर्ग काढीन आणि त्यांच्या पोरी ओढीन, अशी त्यांना धास्ती. हयातभर राहा, पण “इन कमरों में कोई पाठशाला नहीं चलेगी।”

मला वाटलं होतं, हे ऐकून माझ्या काळजात कळ येईल. आली नाही. तुलाच सांगते, मला शाळेचा कंटाळा आला होता. तीन-चार वर्षं झाली असतील. खडूचा वास नको होता, पाढे नको होते. मला फक्त कोणी ‘जा’ म्हटलेलं नको होतं. वर्ग काढायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं, पण तसं मी सांगितलं असतं तर माझी बाजू पडली असती, म्हणून मी जरा उसासा टाकला. मग म्हटलं, पाठशाळा नाही चालवणार. पण या गल्लीतल्या कितीतरी बायांच्या लेकी भुसावळला, जळगावला, तुमच्या वऱ्हाडात दिलेल्या आहेत. तिकडून मराठीत पत्रं येतात. ती वाचून घ्यायला, उत्तर लिहून घ्यायला कोणी आलं तर हाकलून देऊ का?

अवस्थींनी मसुद्यात स्वतःच्या हातानं घातलं: ‘पत्र-वाचन एवं पत्र-लेखन को छोड़कर’.

मसुद्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात ‘राजीनामा’. खाली माझं नाव ‘निरमला’ असं लिहिलेलं. पेन माझ्या हातात होतं. शब्दही माझ्या ओठांवर होता, की वकीलसाहेब, तुमची एक गैरसमजूत झाली आहे. तुझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

मी सही केली. दोन्ही चुका तशाच राहू दिल्या. नंतर घरी येऊन शिरा केला, मालूबाईला आणि मला. जरा जास्तच गोड झाला.

ताई


१२ जुलै १९५७

चि. सौ. कुसुम हिला, जवळ असतीस तर डोक्यावर हात ठेवला असता, तो इथूनच ठेवते आहे.

तीस एप्रिलला चार्ज दिला. घंटा, नकाशे, शिवणाच्या कात्र्या, गेल्या सव्वीस वर्षांचे हजेरीपट. नव्या बाईंनी सगळं मोजून घेतलं. लाल शाईची दौत अर्धी भरलेली होती. ती मी ठेवून घेतली असती तरी कोणी विचारलं नसतं. दिली.

निरोपसमारंभात अवस्थी बोलले, पोरींनी गाणं म्हटलं. मजेत आहे मी. सकाळी सातपर्यंत झोपते. वाचून खोटं वाटेल, पण मालूबाईला विचार. ती पोरी पोहोचवून झाल्या की इकडेच येते आणि मला शाळेच्या चुगल्या सांगते. हिंदी कविता म्हणताना दुसरीतल्या पोरी ‘मछली’ला ‘मासळी’ म्हणतात आणि नव्या बाई कपाळावर हात मारतात. ऐकून मला फार बरं वाटतं.

चार वाजले की बाया येतात. मागच्या आठवड्यात सोजरबाई आली. तिची धाकटी लेक भुसावळला दिलेली, दोन वर्षं माहेरी आली नाही. काहीतरी लुगड्यावरून बिनसलं होतं. मी कार्ड घेऊन बसले आणि म्हटलं, सांगा. ती म्हणाली, “लिव्हा बाई, माझंच चुकलं, तू ये.” मी पुढच्या मजकुराची वाट पाहत बसले. तर ती म्हणते, झालं. कार्ड सगळं कोरं राहिलं. मी म्हटलं, अहो, एवढे पैसे पडतात, आणखी काही लिहू या. ती म्हणाली, आणखी काय असते?

दुसऱ्याच्या नावानं ‘माझंच चुकलं’ लिहायला मला काही कष्ट पडले नाहीत. महिन्याभरात चार-पाच वेळा लिहिलं असेल. अक्षर चांगलं वळणदार आलं. म्हणून आता हात वळला आहे तोवर माझंही लिहून टाकते.

आईच्या वेळी तू उशिरा आली नव्हतीस. तुला तारच उशिरा झाली. आईला शनिवारी जास्त झालं आणि तार मी मंगळवारी केली. पोस्टाला सुट्टी होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. ती एकट्या रविवारची होती. खरी गोष्ट अशी, की शनिवारपासून आई एकसारखं ‘कुसुम कुठाय, कुसुम आली का’ विचारत होती. अकरा वर्षं तिचं मी केलं, आणि शेवटी तिच्या तोंडी माझं नाव नव्हतं. मला राग आला. येईल ती यायची तेव्हा, असं मी मनाशी म्हटलं आणि पेज करायला गेले. ती सोमवारी रात्रीपासून बोलेनाशी झाली. मग मी घाबरले आणि तार केली. तू बुधवारी धावत आलीस, तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि तेराव्याला मीच तुला बोल लावला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

पेटी आईनं तुलाच ठेवली होती. हेही मला माहीत होतं.

तू रागावशील. रागाव. सहा वर्षं तू चुकीच्या गोष्टीवर रागावलीस, आता बरोबर गोष्टीवर रागाव.

सोबत तुझं ते जुनं पत्र परत पाठवते आहे, टिपण गुंडाळलेलं. ‘ताई, मला इथं करमत नाही’ असं लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरीला मी ऱ्हस्व-दीर्घ शिकवत बसले होते. त्या ओळीचं उत्तर द्यायचं राहिलंच. ते आता खाली निळ्या शाईत दिलं आहे. एकच अक्षर आहे, ‘ये’. चूक व्हायला त्यात जागाच नाही.

या कागदाला मी राजीनामा म्हणते. मराठीतला नव्हे, तो मी तुझ्या नावावर एकदा टाकून चुकले आहे. हा हिंदीतला. मराठी राजीनाम्याला एकाची सही पुरते, याला दोन लागतात. माझी मी केली आहे, तुझ्यासाठी शेजारी जागा सोडली आहे. घाईनं सही करून टपालात मात्र टाकू नकोस. शालिग्राम पाटील म्हणतात, दोन्ही पक्ष समोरासमोर बसल्याशिवाय राजीनामा होत नाही.

तुझी ताई